विमलकाकूंचा ठोका

विमलकाकू झाडे यांचा राग आकड्यात असायचा. तुम्हाआम्हाला राग आला तर कान तापतात, फार तर एखादा कप फुटतो. काकूंचा राग मिनिटाला किती ठोके, या मापाने चालायचा. सकाळी शाळेत निघताना त्या अंगणात दिसल्या की मी विचारायचो, "काय काकू, बरं हाय ना?" त्या म्हणायच्या, "एकशे वीसवर हाय सध्या." म्हणजे बोलायला हरकत नाही. "एकशे तीस" म्हणाल्या तर ऊनपावसाच्या गप्पांपलीकडे जाऊ नये. आणि "एकशे चाळीस" ऐकलं की गल्लीतली शहाणी माणसं सायकल वळवून मागच्या रस्त्याने जायची.

हे आकडे त्यांना डॉक्टरने दिले नव्हते, कॉम्प्युटरने दिले होते.

मी तेव्हा हिंगणघाटला नवीनच शाळेत लागलो होतो आणि झाड्यांच्या शेजारी भाड्याने राहत होतो. झाडेकाकांचं बाजारात भांड्यांचं दुकान. माणूस इतका अबोल की दुकानातली भांडी त्यांच्यापेक्षा जास्त बोलायची. एकुलत्या एका प्रशांतने दुकानात बसावं ही काकांची इच्छा, त्याने इंजिनिअर व्हावं ही काकूंची. काकू जिंकल्या. प्रशांत इंजिनिअर झाला, नोकरीसाठी बंगलोरला गेला, आणि त्याला गाडीत बसवून घरी आल्यावर काका पाहुण्यांसमोर म्हणाले, "हिनं माह्यं पोरगं घालवलं."

काकूंनी तिथल्या तिथे परत केलं, "तुमच्यासारखं मुकं होऊ देलं नाई त्याले, एवढंच केलं."

त्या दिवसापासून नवराबायकोचं बोलणं बंद. भांडण नाही, आदळआपट नाही, नुसतं बंद. मी शेजारी, त्यात बिनलग्नाचा, म्हणून त्यांच्याकडेच जेवायला असायचो. त्यामुळे आपोआप त्यांचा पोस्टमन झालो. काकू माझ्या ताटात वाढता वाढता म्हणायच्या, "सर, त्याईले सांगा, भाकरी झाकून ठेवली हाय." काका समोरच बसलेले असायचे. ते म्हणायचे, "सर, तिले सांगा, मले दिसून राह्यली." मला सांगायला मध्ये काही उरायचंच नाही. नुसती मान इकडून तिकडे करायची.

प्रशांतचा जुना कॉम्प्युटर समोरच्या खोलीत राहिला होता. काकू तो देवासारखा पुसायच्या. एकदा पुसताना बटण दाबलं गेलं आणि यंत्र चालू झालं. आता ते बंद कसं करायचं? बंगलोरला फोन गेला. प्रशांतने बंद करायला शिकवलं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी काकूंनी ते मुद्दाम चालू केलं. कॉम्प्युटरच्या मासिकांबरोबर फुकट येणाऱ्या सीड्यांचा गठ्ठा खणात होता. त्या एकेक सीडी घालून बघू लागल्या. बहुतेक सीड्यांनी त्यांचा संताप वाढवला. एकीत संगीत बनवायचा प्रोग्राम निघाला.

पडद्यावर चौकोनांच्या ओळी. एका ओळीत सोळा चौकोन. चौकोनावर टिचकी मारली की तो भरायचा, आणि डावीकडून सरकत येणारी रेघ तिथे पोचली की आवाज व्हायचा. रेघ शेवटाला गेली की पुन्हा पहिल्यापासून.

"सर, हे तं भरतकाम हाय!" काकूंनी मला हाक मारून दाखवलं. "टाका कुठं घालाचा आन् कुठं सोडाचा, एवढंच तं हाय. उगाच पोरं इंजिनिअर होते."

त्यांनी दर चौथ्या चौकोनात एक 'धप' घातला. मग दोन धपांच्या मध्ये एक 'च्यक'. मग खाली एक घुमणारा जाड स्वर. स्वयंपाकघरात दूध उतू जाऊन विझलं तरी त्या उठल्या नाहीत. वेग वाढवायची खिट्टी सापडली, तिथेच ठोक्यांचे आकडे होते. रविवारी प्रशांतचा फोन आला तेव्हा त्यांनी रिसीव्हर स्पीकरला लावून धरला.

पलीकडून तो ओरडला, "आई, हे टेक्नो आहे! क्लबात पोरं यावर रात्रभर नाचतात!"

"मेहनतीनं केलं हाय. नावं ठेवू नको त्याले," काकू म्हणाल्या आणि फोन आपटला.

मी एकदा भीत भीत विचारलं, "काकू, एखादं भजन बसवा ना त्याच्यावर. शब्द असले की लोकांले बरं वाटते."

"शब्दाइनं कोनाचं भलं केलं, सर? माह्या घरात पाहून राह्यले ना तुमी?"

मी पाहत होतो.

पुढे कॉम्प्युटरमधला तयार 'धप' त्यांना पटेना. "हा ठोका हाय का? उशी झोडपल्यासारखा वाजते." त्यांना खरा आवाज पाहिजे होता. प्रशांतचा एक बारका माइक होता. तो घेऊन त्यांनी घर पालथं घातलं. पातेल्यावर झारा मारून पाहिला, परात जमिनीवर सोडून पाहिली. पण मुख्य ठोका मिळेना. शेवटी त्यांच्या लक्षात आलं की घरात सगळ्यात भारी वाजतं ते मधलं दार, आणि तेही रागाने आपटलं तरच. दिवसभर त्या आपटत राहिल्या. नाटकी राग आणला की दारसुद्धा नाटकी वाजायचं.

"सर, इकडं या," काकूंनी बोलावलं. माइक सुरू होता, हात दाराच्या कडीवर होता. "मले राग आना."

मी म्हणालो, "काकू, कालचं वरण जरा पातळ झालतं."

असा दणका बसला की भिंतीवरचं कॅलेंडर खाली आलं. काकू वळल्या, तोंडभर हसत. "एक नंबर!" मग एकदम थांबल्या. "पातळ झालतं का खरंच?"

लाइट हा त्यांचा मोठा शत्रू. तेव्हा लोडशेडिंगने जिल्हाभर कहर केला होता. भरलेले चौकोन साठवायच्या आत लाइट गेली की सगळं पुसलं जायचं, आणि मग काकूंचा आकडा दीडशेला टेकायचा. पुढे पुढे तक्रारीच्या फोनवरचा माणूस 'हॅलो' न म्हणता थेट "काकू, येऊन राह्यली, येऊन राह्यली" म्हणायचा. साठवायची सवय लागल्यावर त्या दर चौकोनामागे बटणं दाबायच्या, आणि मी एखादी शहाणपणाची गोष्ट बोललो तर म्हणायच्या, "हे सेव्ह करा, सर. दुसऱ्यांदा नाई बोलता येनार तुमाले."

गल्लीला हे झेपलं नाही. या गल्लीत लग्नसराईत भिंती हादरतील असे भोंगे लागायचे, नवसाचे, वाढदिवसाचे, निवडणुकीचे. त्याबद्दल कधी कुणाचं डोकं दुखलं नाही. काकूंच्या हातभर स्पीकरने मात्र सगळ्यांची दुखू लागली. कुणी म्हणालं, पोरगं गेल्यापासून बाईचं डोकं फिरलं. कुणी त्यांच्यासाठी अंगारा पाठवला. या वयात बाईने पोथी वाचावी, असा निरोप द्यायला लोक माझ्याकडे यायचे. मी शिक्षक होतो म्हणून शिव्या गिळल्या; अजूनही त्या घशात आहेत.

काकांनी मात्र कधी चकार शब्द काढला नाही. ते मधल्या खोलीत जेवायचे, आणि ठोके भिंतीतून त्यांच्या पाटापर्यंत यायचे. एकदा ते मला म्हणाले, "सर, तिले सांगा..." मला वाटलं, आता 'बंद कर' येणार. पण ते भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, "काई नाई. राहू द्या."

त्या वर्षी दुर्गादेवीच्या मंडळाचा अध्यक्ष गजू भोयर काकूंकडे आला. "काकू, खिडकीतून ऐकलं. कडक बीट हाय. मिरवनुकीत वाजवू."

काकूंना झालेला आनंद त्यांनी कपाळाला आठ्या घालून दाबला. "देतो. पन वरून गानं नाई टाकाचं. जसं हाय तसं."

"शप्पत," गजू म्हणाला.

नवरात्रभर काकू कॉम्प्युटरसमोरून हलल्या नाहीत. विसर्जनाच्या दुपारी त्या नवीन हिरवं लुगडं नेसून दुकानाच्या पायरीवर उभ्या राहिल्या. मी शेजारी. आत गादीवर काका. ट्रक आला, जनरेटर धडधडला, आणि त्या डोंगराएवढ्या स्पीकरमधून घरातलं मधलं दार आपटलं. पुन्हा आपटलं. परात खणखणली. बाजारपेठेची शटरं थरथरली. काकूंनी माझं मनगट घट्ट धरलं होतं.

थोडा वेळ असं चाललं. मग अचानक वरून एका सिनेमातलं लाडिक गाणं सुरू झालं. पोरांनी शिट्ट्या मारल्या, रुमाल फिरवले. काकूंनी माझा हात सोडला.

त्या गर्दीत घुसल्या. नाचणारे आपोआप बाजूला होत गेले. ट्रकपाशी पोचून त्यांनी हाताला लागली ती वायर उपटली. सगळं थंड झालं.

"शप्पत घेतलती ना तू?" त्या गजूला म्हणाल्या.

गजू आधी चपापला, पण हजार डोळे त्याच्यावर होते. तो माइकमध्येच बोलला. माइक दुसऱ्या वायरवर होता, त्यामुळे ते साऱ्या बाजाराने ऐकलं. "काकू, पब्लिकले गानं लागते. नुस्ता ठोका कोन ऐकते? भांडेवाल्याची बायको भांडे वाजवते आन् म्हन्ते, म्युझिक!"

बाजार हसला. मला तो हशा आजही आठवला तरी दात आवळले जातात. त्यात अंगारा पाठवणारे होते, पोथीवाले होते, माझ्या शाळेतले दोन सहकारी होते. ज्या बाईला आयुष्यात कधी उत्तर सुचलं नाही असं झालं नव्हतं, ती हातात वायर धरून नुसती उभी राहिली.

"ए गज्या!"

हा आवाज कुणाचा ते कुणालाच कळेना, कारण तो कुणी ऐकलेलाच नव्हता. झाडेकाका अनवाणी रस्त्यावर उतरले होते.

"हासून राह्यले? काय समजते रे तुमाले यातलं? थे जे वाजून राह्यलं ना, थे माह्या घरचं दार होय. तिचा एकेक राग मले माहीत हाय. मी रोज त्याच्यावर जेवतो. एका दिवशी वाजलं नाई तर घास उतरत नाई मले." त्यांना धाप लागली होती, तरी थांबेनात. "कोनाचं गानं नाई चालनार त्याच्यावर. वाजवाचं तं तिचं वाजवा, नाई तं देवी डोक्यावर घेऊन जा नदीवर!"

गजूने काकूंच्या हातातली वायर घेऊन परत जोडली. ठोका पुन्हा सुरू झाला, गाण्याशिवाय. मग ट्रकपुढच्या ढोलवाल्यांना त्यात आपली जागा सापडली आणि मिरवणूक सरकली. काकू ते पाहायला थांबल्या नाहीत. त्या तरातरा घराकडे निघाल्या. मागून काका, त्यांच्या चपला हातात घेऊन मी.

घरात शिरल्यावर काकू गर्रकन वळल्या. "इतकं बोंबलाचं काऊन? तोंड पाहा कसं लालभडक झालं! बीपीची गोळी घेतली का सकाळी?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं.

"सराकडं काय पाहता? तुमाले इचारून राह्यली मी."

काका कसेबसे म्हणाले, "भुललो."

"भुलले! आन् चालले भांडाले!" काकूंनी गोळी आणली, पाण्याचा गिलास आणला, आणि ते पाणी पीत असताना पदराने त्यांच्या कपाळावरचा घाम पुसला. पुसताना तोंड चालूच. दोन महिन्यांपासून डॉक्टरकडे गेले नाहीत. लोणच्याची बरणी लपवून खातात, तिला काय दिसत नाही का. प्रशांतचा फोन आला की कान टवकारून बसतात, पण स्वतः घेत नाहीत.

मी चपला दाराशी ठेवून बाहेर आलो. काकू थांबत नव्हत्या. मधूनच काकांचं एखादं "हो" ऐकू यायचं, आणि त्यावर त्या आणखी चिडायच्या.