वेणीवालीच्या बदल्यात अडखळ्या

भिंतीपलीकडे पहिली ‘ब’चे इंग्रजी वाचन सुरू झाले, की पहिली ‘अ’च्या सरांच्या हातातला खडू आपोआप थांबे. पलीकडच्या बाईंची पोरे एका सुरात, ओढ्याच्या पाण्यासारखी वाचत. सरांची पोरे मात्र अक्षरावर बोट ठेवून, आवाजाला आवाज जोडत, आपापल्या गतीने लंगडत पुढे सरकत. पालकसभेत एकच वर्ग वाचून दाखवणार होता आणि मुख्याध्यापिका तो शुक्रवारी निवडणार होत्या. आयुष्यात एकदा तरी टाळ्या आपल्यासाठी वाजाव्यात, एवढेच अबोल सरांचे मागणे होते.

एकदा दारातून डोकावताना सरांना गुपित उमगले. दोन वेण्यांची एक चिमुरडी आधी वाचे. बाकीचे तिच्या मागून.

“बाई, ती वेणीवाली माझ्या वर्गात द्याल?” सरांनी धीर गोळा केला. “माझ्याकडे पुढाकार घेणारं कुणी नाही हो.”

“बदल्यात काय देता?”

“तो अडखळ्या न्या. एका ओळीला घाम गाळतो.”

“चालेल!” बाई इतक्या चटकन म्हणाल्या, की सरांना त्यांची दया आली.

दोन-चार दिवसांत ‘अ’चा वर्गही गाऊ लागला. पोरांची बोटे अक्षरांवरून उठली. नजरा वेणीवालीच्या तोंडावर खिळल्या. सर भिंतीकडे तोंड करून जरा मोठ्यानेच “शाब्बास!” म्हणत.

शुक्रवारी मुख्याध्यापिकांनी कोरे करकरीत पुस्तक उघडले. चित्रात कुत्रा आणि चेंडू. वेणीवालीने क्षणभर पाहिले आणि खणखणीत सुरुवात केली, “द डॉग हॅज अ बॉल!”

“द डॉग हॅज अ बॉल!” वर्ग गरजला.

“सर,” मुख्याध्यापिका हळूच म्हणाल्या, “या पानावर ‘डॉग’ हा शब्दच नाहीये.”

शेजारच्या वर्गात अडखळ्याने तेच पान घाम गाळत, अक्षर अक्षर जोडत, शेवटपर्यंत वाचले आणि वर्ग त्याच्या मागून बरोबर वाचत गेला. ‘ब’ची निवड झाली.

मधल्या सुट्टीत सरांनी बाईंना गाठले. “ती चित्र बघून ठोकून देते, हे ठाऊक होतं तुम्हांला?”

“रागावू नका हं सर. तुम्ही तिला मागितलंत तेव्हा वाटलं, आता आपलं पितळ उघडं पडणार.”

“मग?”

“मग तुम्ही अडखळ्याचं नाव काढलंत! वर्षभर डोळा होता हो माझा त्याच्यावर. तुमच्यासारखं शिकवणं मला कुठलं जमायला? नुसता जळफळाट व्हायचा.”

बाई हसत निघून गेल्या. सर तिथेच उभे राहिले. हेवा तर आपणही केला. पण इतक्या सफाईने, इतक्या हसतमुखाने तो करणे बाईंना साधले, याचाच आता त्यांना हेवा वाटू लागला.