मापाच्या कागदांची पाठ

टेलरकाका अकरा वर्षं एकच गोष्ट लिहीत होते. युरोपातली माणसं पहिल्यांदा जहाजं घेऊन समुद्रापार गेली आणि दुसऱ्यांच्या जमिनीवर वस्ती करून कशी बसली, ही. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं. वही आणायची नाही, गिऱ्हाइकांच्या मापाचे जुने कागद उलटे करायचे आणि कोऱ्या पाठीवर लिहायचं. एकशे चाळीस कागद झाले, वाचणारा एक नाही. काकूसुद्धा पहिल्याच पानावर पेंगायची.

"इंटरनेटवर टाकू या," काकू म्हणाली. "जगात एखादा तरी रिकामटेकडा असेलच की!"

काकांना तेवढंच हवं होतं. एक वाचक.

काकू फोटो काढायला बसली. "मागची बाजू पण काढू?"

"काढ म्हणतो ना! काही पानांचा मजकूर मागेही गेलाय. एक अक्षर सुटता कामा नये," काका खेकसले.

नाही सुटलं. काकांनी हौसेनं लिंक सगळ्या गिऱ्हाइकांना धाडली आणि दुपारपर्यंत गल्लीनं सगळं वाचलं. इतिहास सोडून.

'हेडबाई: कंबर अडतीस. चौतीस सांगतात, ऐकू नये.'

'डॉक्टर: माप देताना श्वास कोंडतात. दोन इंच जादा धरणे.'

डॉक्टर दवाखाना सोडून धावत आले. "मी श्वास कोंडतो?"

"आत्ताही कोंडलाय," काकू आतून म्हणाली.

काकूनं घाबरून पोस्ट पुसली, फोनमधले फोटोही पुसले. पण डॉक्टरांना कागदच हवा होता.

"डॉक्टर, मागे माझं जरा..."

"मागे काय असेल ते असो!" टर्रकन दोन तुकडे.

मग रांगच लागली. नक्कल करून देतो, एवढं तरी काकांनी म्हणायला हवं होतं. पण म्हणणार कुठल्या तोंडानं? ज्याचा त्याचा कागद मुकाट्यानं हातात देत राहिले. संध्याकाळी फडताळ रिकामं.

आठ दिवस दुकानाकडे कुत्रं फिरकलं नाही. नवव्या दिवशी हेडबाई आल्या, हातात घडी केलेला कागद.

"बाई, चुकलो. चौतीसच..."

"कंबर मरू द्या हो! ही बाजू." बाई वाचायला लागल्या, "'उपासमारीनं टेकीला आलेल्या या पाहुण्यांना तिथल्या लोकांनी मका दिला. त्यावर पाहुण्यांनी...' आणि कागदच संपला! पुढं काय केलं मेल्यांनी? आठवडाभर डोक्यात तेच आहे."

काकांनी घाईघाईनं स्टूल पुसून पुढं केलं.

"पुढचा कागद डॉक्टरांचा. फाडला त्यांनी."

"मग तोंडी सांगा."

"जमीन बळकावली हे सगळ्यांनाच माहितीये, बाई. पण कुणी, कुठल्या दिवशी, कुणाच्या शब्दावर... सगळं नावानिशी होतं." काकांनी डोळे घट्ट मिटून घेतले. बाई वाट बघत बसल्या.

"डॉक्टरांच्या कागदावरचं काही आठवतंय?"

"कंबर बेचाळीस," काका म्हणाले.