इनासभाऊंचं टेबल

एका सभ्य माणसाला मी एकदा भिकारी समजले होते. आमच्या घरात ही गोष्ट कोणालाच माहीत नाही, आता सांगून टाकते. तेव्हा मी एकोणसाठ वर्षांची होते, म्हणजे अगदीच पोरसवदा, आणि स्वतःला फार शहाणी समजायचे. नागपूरहून कॅनडात, एटोबिकोला लेकाकडे राहायला येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. आमच्या कॉन्डोच्या लिफ्टमध्ये एक गृहस्थ शिरले. पांढरा शर्ट, काळी पँट, गळ्यात काळा बो. त्यांनी बाराव्या मजल्याचं बटण दाबलं, दोन्ही हात एकमेकांवर झटकले आणि तळवे उताणे करून समोर धरले. मान खाली. माझं मन एकदम भरून आलं. एवढा श्रीमंत देश, एवढा टापटीप माणूस, आणि ही वेळ! मी पर्स उघडली, दोन डॉलरचं नाणं त्या तळव्यावर ठेवलं आणि सवयीने मराठीतच म्हणाले, "घ्या हो, संकोच करू नका."

निखारा ठेवल्यासारखे ते उडाले. नाणं गडगडत कोपऱ्यात गेलं, हे भिंतीला चिकटले, आणि छतातल्या कॅमेऱ्याकडे बघत चक्क मराठीत ओरडले, "हातात नाय! बाई, हातात नाय द्यायचं कधी!"

असे मला इनासभाऊ भेटले.

ते मूळचे वसईचे. हायवेने अर्ध्या तासावर एक कसिनो आहे, तिथे ते पोकरचे डीलर होते. डीलर म्हणजे पत्ते पिसून वाटणारा. तो स्वतः खेळत नाही. टेबलावरून हात काढायचा झाला, अगदी कान खाजवायला का होईना, तर आधी तळवे झटकून छतातल्या कॅमेऱ्याला दाखवायचे, की बघा, मी काही लपवलेलं नाही. आणि कोणाच्या हातातून काही घ्यायचं नाही, जे काय असेल ते टेबलावर. इतकी वर्षं हे केल्यावर त्यांचे हात आता त्यांना विचारत नाहीत. ग्रोसरीच्या दुकानात टोमॅटो निवडून झाले की तळवे. गाडीला विंटर टायर लावून झाले की तळवे. चर्चमध्येसुद्धा. फादरना वाटतं, ही वसईकडची पद्धत असावी.

मी त्यांची माफी मागायला करंज्यांचा डबा घेऊन गेले. घरात ते एकटेच. बायको, मेरी, आदल्या वर्षीच गेलेली. त्यांनी डबा उघडला, वरची पहिली करंजी उचलून बशीत बाजूला ठेवली आणि दुसरी खाल्ली. मला राग आला. म्हटलं, "पहिलीत काय खोट आहे?"

"खोट नाय, ताई. पहिला पत्ता वाटायचा नसतो. तो बाजूला ठेवायचा. कोणी चोरून बघितला असेल तर?"

"करंजी कोण चोरून बघतंय?"

"सवय," ते म्हणाले, आणि डब्याला झाकण लावून तळवे दाखवले.

ब्रेडची पहिली स्लाइसही ते अशीच बाजूला काढतात. पार्किंगमधल्या खारी त्यावर गलेलठ्ठ झाल्या आहेत. आमच्या मजल्यावर पॉटलक असतं, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचं जेवण; तिथे त्यांनी पुऱ्या वाढल्या, तर डाव्या हाताच्या माणसापासून सुरुवात, प्रत्येकाला एकेक, मग पुन्हा डावीकडून दुसरी. बशी पुढे करावी लागत नाही, पुरी हवेतून येऊन बरोबर बशीत पडते. आणि कोणी भाजी घेताना रेंगाळलं, की मागून मऊ आवाजात, "ॲक्शन तुमच्यावर, ताई." म्हणजे आता तुमची पाळी. लिफ्टच्या दारात, डॉक्टरकडे, सुनेशी माझं भांडण जुंपलेलं असताना, कुठेही. "ॲक्शन तुमच्यावर." या माणसाने मला एकदाही "लवकर करा" म्हटलेलं नाही.

पोकर मला त्यांनीच शिकवलं, शर्टाच्या बटणांवर. मी नागपुरात रमीत भल्याभल्यांना रडवलेली बाई. मला वाटलं, यात काय आहे? दोन पत्ते आपल्या हातात, पाच मधे सगळ्यांचे, त्यातून जमवायचं. पहिल्याच दिवशी माझी सगळी बटणं गेली. तेव्हापासून दर मंगळवारी सकाळी मी त्यांच्या गाडीत बसून कसिनोत जाऊ लागले. सुनेला वाटतं, मी ज्येष्ठ नागरिकांच्या योगाला जाते. तिथेही श्वास रोखूनच बसायचं असतं, त्यामुळे मी फार खोटं बोलते असं नाही.

त्यांचं टेबल बघण्यासारखं होतं. हिरवं कापड, चिप्सच्या रंगीत चकत्यांची किणकिण, आणि मधे इनासभाऊ. नवा डाव सुरू करताना ते सगळे पत्ते पालथे पसरून दोन्ही हातांनी गोल गोल फिरवायचे, भाकरीचं पीठ मळावं तसे. टेबलावरच्या प्रत्येकाचं नाव त्यांना ठाऊक. कोणाची बायपास झाली, कोणाची लेक लांब कनाटा गावी शिफ्ट झाली, सगळं. हरणाऱ्याला सांत्वन नाही, जिंकणाऱ्याला शाबासकी नाही, फक्त नाव घेऊन एक मान डोलवणं. मी कित्येकदा हरून उठले ती जिंकल्यासारखी.

मग इलेक्ट्रॉनिक टेबलं आली. लंबगोल मोठं टेबल, प्रत्येकासमोर स्क्रीन, पत्ते स्क्रीनवरच, चिप्सही स्क्रीनवर, डीलर नाही. माझी नात सई सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि माझं कसिनोत जाणं हे तिचं-माझं गुपित आहे. ती म्हणाली, "आजी, इट्स फास्टर. नो ह्यूमन एरर."

खरं सांगते, मी फितूर झाले. एका मंगळवारी इनासभाऊ सुट्टीवर असताना मी त्या टेबलावर जाऊन बसले. आणि मला आवडलं! पत्ते पिसण्यात वेळ नाही, पत्ता उचलताना माझा हात थरथरतो ते कोणाला दिसत नाही, चूक केली तर शेजारचा उसासा टाकत नाही. मग माझ्याकडे दोन राजे आले. नीट बघावं म्हणून मी पर्समध्ये चष्मा शोधायला लागले. चष्मा सापडेपर्यंत मशीनने माझी वेळ संपवली आणि दोन्ही राजे फेकून दिले. कोणी मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही.

इनासभाऊंना सांगितलं. वाटलं, खूश होतील. ते म्हणाले, "मशीनचा काय दोष? तुम्ही विचार करताय की चष्मा शोधताय, तिला कसं कळणार?"

"मग तुम्हाला कसं कळतं?"

"चष्मा शोधताना तुम्ही पुटपुटता."

वर्षभरात हिरवी टेबलं एकेक करत गेली. शेवटी मॅनेजरबाईंनी जाहीर केलं: एकच टेबल ठेवायचं आहे, आणि त्याला एकच डीलर. उमेदवार तिघं. प्रत्येकाने अर्धा तास वाटायचं. ज्याचे डाव सर्वांत जास्त होतील त्याचं टेबल. बाकीच्यांनी स्क्रीनवाल्या टेबलांवर मदतनीस व्हायचं.

इनासभाऊंच्या हातांना घाई जमत नव्हती असं अजिबात नाही. त्या हातांचा वेग मी पाहिलेला आहे. अडचण होती ती तीन नंबरच्या खुर्चीतली, वॉल्टर. पंच्याऐंशीचे, रेल्वेतून निवृत्त, पत्नी नाही, मुलं लांब. स्वतःचे दोन पत्ते डोळ्याला टेकवून त्यांना कसेबसे दिसायचे, पण मधले पाच मुळीच नाहीत. म्हणून इनासभाऊ प्रत्येक पत्ता उघडला की त्याचं नाव घ्यायचे. "किंग ऑफ हार्ट्स, वॉल्टर. फोर ऑफ क्लब्ज." सावकाश, शब्द तोडून. शेजारच्याने सांगितलेलं चालत नाही, खेळाचा नियमच आहे. सांगू शकतो तो फक्त डीलर. आणि स्क्रीनच्या टेबलावर तर वॉल्टरला बटणंही सापडत नव्हती. हे एक टेबल इनासभाऊंच्या हातात राहिलं, तरच वॉल्टरचा मंगळवार राहणार होता.

परीक्षा मंगळवारीच होती. बाकी दोघांचं वाटून झालं होतं. त्यातल्या मुलीने अठरा डाव केले होते. मी मुद्दाम पाच नंबरला बसले आणि ठरवून टाकलं, आज विचार म्हणून करायचा नाही, पत्ते आले की फेकायचे. सगळ्या टेबलाने तेच ठरवलेलं दिसलं. इतके भराभर हरणारे लोक त्या कसिनोने कधी पाहिले नसतील.

इनासभाऊ बसायला आले तेव्हा वॉल्टर पुढे वाकून हळूच म्हणाले, "डोन्ट बॉदर टुडे, इनास. आय विल मॅनेज."

मी मनात म्हटलं, शहाणा माणूस!

मॅनेजरबाईंनी घड्याळ लावलं. पत्ते असे सुटले की माझ्यापुढे ते आले कधी तेच कळलं नाही. मग मधले पत्ते उघडले, आणि इनासभाऊ म्हणाले, "क्वीन ऑफ स्पेड्स, वॉल्टर. नाइन ऑफ डायमंड्स. टू ऑफ हार्ट्स."

मी टेबलाखालून त्यांच्या दिशेने पाय मारला. तो सहा नंबरच्या सरदारजींना लागला.

प्रत्येक डावाला, प्रत्येक पत्ता, नावासकट. एकदा वॉल्टरनी "सॉरी?" म्हटलं, तर पाचही पत्ते पहिल्यापासून परत. बाई मनगटाकडे बघतायत, सरदारजी "जल्दी, भाईसाब" म्हणून कळवळतायत, आणि इनासभाऊ वॉल्टरकडे मान कलवून म्हणतात, "ॲक्शन ऑन यू, वॉल्टर. टेक युअर टाइम."

चौदा डाव झाले.

टेबल त्या मुलीला मिळालं. चांगली आहे, चुणचुणीत आहे, माझा तिच्यावर राग नाही. इनासभाऊंना सोमवारपासून स्क्रीन पुसायचं फडकं मिळणार होतं. त्यांनी मुलीचं अभिनंदन केलं, वॉल्टरना कोट घालायला मदत केली, टॅक्सीपर्यंत पोचवलं, आणि मग आम्ही गाडीत बसलो.

हायवेला लागेपर्यंत मी तोंड मिटून होते. सत्तरीतल्या बाईकडून याहून जास्त अपेक्षा करू नये. मग मी सुरू झाले. "अर्धा तास! फक्त अर्धा तास गप्प बसायचं होतं, इनासभाऊ! नंतर वर्षानुवर्षं सांगत बसला असता की त्यांना. आता ती मुलगी सांगणार आहे का? आणि तो माणूस स्वतः म्हणाला, आज राहू दे. स्वतः म्हणाला!"

त्यांनी इंडिकेटर दिला, लेन बदलली, आणि रस्त्याकडे बघतच बोलले.

"मेरीपण हेच बोलायची, ताई. शेवटी शेवटी तिला काय दिसत नव्हतं. मी ताट ठेवायचो नि सांगायचो, भात इकडे, मासा तिकडे, काटे काढलेत. तर बोलायची, राहू दे, मी चाचपून जेवते, तुला ड्युटीला उशीर होतो. एक दिवस खरंच उशीर झालेला, म्हणून गेलो तसाच. संध्याकाळी आलो, तर ताट जसंच्या तसं. बोलली, भूकच नव्हती. मग मी बाजूला बसलो, सांगितलं, भात इकडे, मासा तिकडे. तर दोनदा भात मागून घेतला तिने."