नाईकसाहेबांची क्रीम

अंबडच्या बसस्टँडसमोरून भर उन्हात एक स्कूटी जाते. चालवणाऱ्याच्या तोंडाला गुलाबी फुलांचा स्कार्फ, डोळ्यांवर काळा चष्मा, हातांत कोपरापर्यंत पांढरे मोजे. बाहेरगावच्या माणसाला वाटतं, कॉलेजची मुलगी असेल. मग स्कार्फच्या वर पांढरी टोपी दिसते आणि तो गोंधळतो. तेवढ्यात स्कार्फच्या आतून "ए टमटमवाले, सरक की जल्दी!" असा गडगडाट होतो आणि तो माणूस रस्त्याच्या कडेलाच उभा राहतो.

ते आमचे रंगनाथअण्णा.

उंची सहा फूट, मिशा स्कार्फमध्ये न मावणाऱ्या, आणि धंदा बी-बियाणं आणि फवारणीच्या औषधांचा. मोंढ्याकडे, म्हणजे धान्यबाजाराकडे जाताना त्यांचं दुकान लागतं. मी इथल्या ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवते आणि त्यांच्या शेजारी राहते. आमच्या दोन घरांत एकच भिंत आहे आणि तीही अण्णांच्या आवाजापुढे नसल्यातच जमा. अण्णा मला 'मास्तरीणबाई' म्हणतात. बोलताना दर दोन वाक्यांनंतर "बिलकुल घाई न्हाई" म्हणतात आणि स्वतः मात्र बस थांबायच्या आत उतरतात.

या स्कार्फची आणि मोज्यांची सुरुवात झाली ती त्यांच्या मुलीपासून. शीतल अकरावीत माझ्याच वर्गात होती. हुशार, पण त्या वर्षी तिच्या चेहऱ्यावर मुरूम असे उठले की गाल, कपाळ, हनुवटी, काही सुटलं नाही. ती वर्गातही स्कार्फ सोडेना. डबा खायचा म्हणजे स्कार्फ काढावा लागणार, म्हणून डबा खाईना. हळूहळू तिनं मागचा बाक धरला, मग कॉलेजला दांड्या मारायला लागली. तिची आई कुसुमकाकू रोज नवीन लेप लावायच्या. बेसन झालं, मुलतानी माती झाली, कुणी सांगितलं म्हणून टूथपेस्टही झाली. त्या दिवशी शीतलच्या तोंडाची जी आग झाली, ती आमच्या घरापर्यंत ऐकू आली.

शेवटी अण्णांनी तिला जालन्याच्या डॉक्टरकडे न्यायचं ठरवलं. शीतल म्हणाली, "बाई सोबत असल्या तर येते." म्हणून आम्ही तिघं एसटीनं गेलो.

डॉक्टरीण तरुण होती, शांत होती. तिनं शीतलचा चेहरा नीट पाहिला आणि समजावलं, की केसांच्या मुळांची छिद्रं बुजतात म्हणून हे होतं, यात हिचा काही दोष नाही. मग रेटिनॉइड नावाच्या प्रकारातली क्रीम लिहून दिली. "रात्री तोंड धुवायचं, पूर्ण कोरडं होऊ द्यायचं, आणि वाटाण्याच्या दाण्याएवढी क्रीम सगळ्या चेहऱ्याला. नुसती मुरमावर नाही."

अण्णा खुर्चीत पुढं सरकले. "डॉक्टरबाई, वाटाणा कोणता? ओला का वाळलेला?"

"म्हणजे?"

"न्हाई, ओला टपोरा असतो. वाळला की निम्मा होतो. डोसमधी फरक पडंल ना."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी टेबलावरच्या पेनांकडं. "वाळलेला धरा," त्या म्हणाल्या.

"बराबर. अन् वाण कोणतं?"

"अण्णा!" स्कार्फमधून शीतल ओरडली.

डॉक्टरीणबाईंनी पुढचंही सांगितलं. पहिले काही आठवडे कातडी सोलेल, लाल होईल, कदाचित मुरूम आधीपेक्षा जास्त दिसतील. घाबरून बंद करायची नाही. फारच झोंबली तर एक दिवस सोडून लावायची. उन्हापासून जपायचं. आणि खरा फरक दिसायला तीन महिने तरी द्यायचे.

"म्हंजे कापसासारखं हाय," अण्णा खूश झाले. "लावली अन् लगेच बोंडं मोजायला बसायचं न्हाई. बिलकुल घाई न्हाई."

परतीच्या बसमध्ये ते क्रीमचं नाव पाठ करत होते. "रेटी... रेटीनॉ... रेटीनाईक." अंबड येईपर्यंत रेटी गळून पडली आणि नाईक तेवढे राहिले. तेव्हापासून आमच्या गल्लीत त्या क्रीमला 'नाईकसाहेबांची क्रीम' म्हणतात. बऱ्याच जणांना नाईकसाहेब हेच जालन्याचे डॉक्टर वाटतात.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तसंच झालं. दुसऱ्या आठवड्यात शीतलचा चेहरा लालबुंद झाला, कातडी सुटायला लागली, हनुवटीवर नवे फोड आले. आणि नेमक्या तेव्हाच परतूरहून अण्णांची थोरली बहीण आली. आक्कांनी दारातच चप्पल काढायच्या आधी तोंडाला पदर लावला. "अगं बाई, काय करून घेतलं हे? उद्या पाहुणे बघायला आले तर काय दाखवणार?"

शीतल ताडकन उठली. आत गेली, ट्यूब घेऊन आली आणि अंगणात शेवग्याच्या बुडाशी फेकली. "मी लावणार न्हाई. कॉलेजला बी जाणार न्हाई. कोणी माह्याकडं बघू नका." खोलीची कडी लागली.

मला वाटलं, आता अण्णांचा आवाज भिंत पाडणार. पण अण्णांनी ट्यूब उचलली, माती पुसली, आणि बहिणीला एवढंच म्हणाले, "आक्का, चहा घे. पाहुण्यांचं आपण नंतर पाहू. अजून पोर मलाच धड पाहू देईना."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं ते एकटेच जालन्याला गेले. दुपारी परत आले ते हातात दुसरी ट्यूब घेऊन.

"ही कोणाची?" कुसुमकाकूंनी विचारलं.

"माझी. मला बी सांगितलीय."

"तुम्हाला? कशासाठी?"

"मुरूम आल्यात."

काकूंनी त्यांना उजेडात ओढून हनुवटी वर केली, डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. "कुठं आल्यात?"

"आतून हायत," अण्णा म्हणाले.

संध्याकाळी ते शीतलच्या दाराशी आरसा घेऊन बसले. "शीतल, मला लावता येईना. किती घ्यायची, कुठून सुरू करायची, जरा दाखव." त्यांनी ट्यूबचं टोपण काढलं. "बरं, मी आपला अंदाजानं लावतो. तोंड मोठं हाय, डोस बी मोठा लागंल."

आणि त्यांनी खरोखरच वाटाण्याऐवजी लिंबाएवढी क्रीम तोंडाला चोपडली. असं रोज. परिणाम चार दिवसांत दिसला. अण्णांचं नाक सोललं, कपाळाचे पापुद्रे निघाले, मिशांवर भुगा पडायला लागला. दुकानात एक शेतकरी काळजीनं म्हणाला, "अण्णा, आम्हाला सांगता फवारताना तोंड बांधा म्हणून, अन् तुम्ही काय उघड्या तोंडानं फवारलं का?" गावात बातमी पसरली की अण्णा निवडणुकीला उभे राहणार आहेत आणि पोस्टरसाठी चेहरा तयार करून राह्यलेत. मलाही वाटलं, माणूस म्हातारपणी हौशी झाला.

पाचव्या संध्याकाळी शीतलच्या खोलीची कडी निघाली. वडिलांचं तोंड पाहून ती आधी घाबरली, आणि मग हसायला लागली. किती दिवसांनी ते हसणं भिंतीपलीकडून ऐकू आलं! "अण्णा, दाण्याएवढी म्हणलं होतं ना! द्या इकडं ती ट्यूब. आता दोन दिवस लावायची न्हाई."

"मंग तूच बघ बाई. मला काय समजतं?"

झालं. शीतल अण्णांच्या क्रीमची मुकादम झाली. दोघं ओसरीत आरशापुढं बसायची. तोंड धुतलं का, कोरडं झालं का, दाणा बराबर आहे का. बोटावरचा दाणा पडताळायला अण्णांनी दुकानातून खराच एक वाळका वाटाणा आणून आरशापाशी ठेवला होता. अण्णांवर नजर ठेवायची म्हणजे स्वतः लावणं आलंच. शेवग्याच्या बुडाशी फेकलेली तिची ट्यूब कधी पुन्हा सुरू झाली ते तिलाही कळलं नसावं.

खरी गोष्ट मला कुसुमकाकूंनी सांगितली, त्यांच्याकडे ज्वारी निवडत बसलो होतो तेव्हा. "डॉक्टरीणबाईंनी ह्यांना साफ सांगितलं, तुम्हाला या क्रीमची गरज न्हाई. गालावरचे जुने खड्डे यानं भरत न्हाईत. तर हे म्हणले, खड्डे राहू द्या, मला फक्त पोरीच्या बराबरीनं सोलायचंय. मग त्यांनी हसून थोड्या दिवसांपुरती लिहून दिली."

अण्णांच्या गालांवर खड्डे आहेत हे मी रोज पाहत होते, पण कधी विचार केला नव्हता. काकू म्हणाल्या, "आमच्या हळदीला ह्यांनी तोंडाला हळद लावू दिली न्हाई. झोंबते म्हणले. मला वाटलं, नवरदेव रागीट दिसतो. नंतर कळलं, सगळं तोंड फोडांनी भरलेलं होतं. लाजून राह्यले होते बिचारे."

एकदा दुकानात निवांत होते तेव्हा अण्णांनी स्वतःच विषय काढला. "मास्तरीणबाई, मी बी अकरावीतच कॉलेज सोडलं. पोरं मला 'मुरमाची खदान' म्हणायचे. रस्त्यावर मुरूम टाकत असले की 'रंग्या, तुझा माल आला' म्हणायचे. एक दिवस मास्तर बी हासले. दुसऱ्या दिवशी मी वावरात गेलो, तो गेलोच." मग टोपी काढून डोक्यावरून हात फिरवला. "ह्याला औषध असतं हे मला टक्कल पडल्यावर कळलं. मी आपलं नशीब समजत होतो."

तीन महिने म्हणता म्हणता गेले. एका सोमवारी माझ्या वर्गात दुसऱ्या बाकावर शीतल बसली होती. स्कार्फ नव्हता. गालांवर काही डाग होते, हनुवटीवर एखादा फोड होता, आणि ती मैत्रिणीच्या डब्यातलं लोणचं बोटानं चाटत होती. मी हजेरी घेताना तिचं नाव दोनदा घेतलं. तिनं दोन्ही वेळा हजेरी दिली.

तिनं टाकलेला गुलाबी स्कार्फ अण्णांनी उचलला. "उन्हापासून जपायला सांगितलंय," एवढंच त्यांचं म्हणणं. मोजे त्यांनी आपल्या मनानं वाढवले.

त्यानंतर अण्णा गावाचे मुरूमखातं झाले. बियाणं घ्यायला आलेल्या बापाला ते आधी भाव सांगत नाहीत, शेजारी उभ्या पोराचे गाल बघतात. "ह्याला जालन्याला ने. कडुलिंब घासू नको, फोडू नको, पोराला हासू नको." औषध मात्र स्वतः कुणाला देत नाहीत. समोरच्या घरची नवी सून एकदा दुकानात आली, "अण्णा, तुमची ती नाईकसाहेबांची क्रीम जरा द्या ना." अण्णांचा चेहरा एकदम कावराबावरा झाला.

"सूनबाई, ती... म्हंजे तसं... घरात काही गोड..." मिशांवरून हात फिरला. "न्हाई म्हंजे, आंबट वगैरे खावंसं..." ती बघतच राहिली. अण्णा दुकान तसंच सोडून कॉलेजच्या फाटकाशी आले. "मास्तरीणबाई, जल्दी चला! दिवस असले तर ती क्रीम चालत न्हाई, डॉक्टरीणबाईंनी मागच्या खेपेला बजावून सांगितलंय. पण हे मी कसं विचारू? तुम्ही विचारा!" मी जाऊन विचारलं. सूनबाई लाजली. दिवस होतेच. घरच्यांच्याही आधी ती बातमी अण्णांच्या दुकानात फुटली, आणि पहिला पेढाही तिथंच वाटला गेला.

बारावी झाल्यावर शीतलला संभाजीनगरच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. अण्णा तिला सोडून आले आणि थेट ओसरीत जाऊन बसले. भिंतीपलीकडून इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

मागच्या महिन्यात जेवणं झाल्यावर मी धपाटे द्यायला त्यांच्याकडे गेले. अण्णा ओसरीत बसले होते. समोर तांब्याला टेकवलेला मोबाईल, त्यात शीतल, केस वर बांधलेले. दोघांचं क्रीम लावणं चाललं होतं. मी उंबऱ्यापाशीच थांबले.

"तोंड धुतलं का अण्णा?"

"धुतलं. वाळू बी दिलं. तुझं?"

"माझं झालं. आज मेसमधी वांगं होतं, कच्चंच." मग वांग्यावरून खोलीतली मैत्रीण निघाली, मैत्रिणीवरून तिचा हट्टी भाऊ, भावावरून परीक्षेची भीती. अण्णा कपाळाला बोट लावत होते, गालाला लावत होते, पुन्हा कपाळाला लावत होते. लावणं संपतच नव्हतं. शेवटी शीतल म्हणाली, "झालं ना? ठेवते."

फोन बंद झाला. अण्णांनी गमछ्यानं तोंड पुसून टाकलं. मी म्हणाले, "अहो, पुसली कशाला?"

ते दचकले. मग शेजारची वाटी पुढं केली. त्यात दुधाची साय होती.

"डॉक्टरीणबाईंनी माझी कव्हाच बंद केली," ते हळू आवाजात म्हणाले. एरवी ज्यांचा आवाज चौकात ऐकू येतो ते अण्णा. "पोरीला सांगू नका. 'कशी हाईस' म्हणलं की ती 'बरी हाय' म्हणते, अन् मला पुढं काय बोलावं ते सुचत न्हाई. आमच्या घरात बाप-लेकी कव्हा बोललेच न्हाईत मास्तरीणबाई, बाप नुसता ओरडायचा. क्रीम लावायला बसलो तव्हाच काय ते बोलणं झालं. आता तिनं चार दिवसांतून एकदा लावली तरी चालतं. मी म्हणतो, रोज लावत जाऊ."

आतून कुसुमकाकूंचा आवाज आला, "आज पुन्हा साय कुठं गेली?" आम्ही दोघंही हसलो.

तेवढ्यात मोबाईल वाजला. पुन्हा शीतल. अण्णा घाबरून वाटी शोधायला लागले, ती माझ्याच हातात होती. शेवटी तसेच, कोरड्या तोंडानं, त्यांनी फोन उचलला.

"काय गं, काय राह्यलं?"

"काही न्हाई अण्णा," शीतल म्हणाली. "असंच केला."

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं, मग फोनकडं. "असंच का?" ते म्हणाले, आणि भिंतीला पाठ टेकून, पाय पसरून, ऐसपैस बसले. "मंग बोल की. बिलकुल घाई न्हाई."