वसंतरावांची घोषणा

आमच्या शेजारचे वसंतराव व्हॉट्सॲपवर आलेला मेसेज आधी गॅलरीत उभं राहून मोठ्यानं वाचतात, मग पुढे पाठवतात. वाचतात तेही नाकातून, ठसक्यात, "इकडे लक्ष द्या" अशी सुरुवात करून. त्यांची सगळी नोकरी एसटी स्टँडवर माईकसमोर गेली. निफाड, लासलगाव, कळवण ही नावं ते अशी पुकारायचे की काम नसलेला माणूसही गाडीत चढून बसायचा. निवृत्त झाले, माईक गेला आणि हातात मोबाईल आला. झालं!

सुरुवातीला कारल्याचा रस आणि गुडघ्याला एरंडाचं पान एवढंच यायचं. मी म्हणायचे, "वसंतराव, आधी तुमचे गुडघे तरी बरे करा."

"वहिनी, आपलं काम पुकारायचं. गाडी फलाटाला लागो न लागो."

मग पुकारा बदलला. पाण्यात विष, दुधात विष, शेवटी माणसांत विष. 'ते लोक' हा शब्द आला. कोण ते लोक, असं विचारलं की त्यांचा आवाज एकदम बसायचा. त्यांच्या दाराला तीन कड्या लागल्या. रोज ऐकून ऐकून मीही कुरिअरवाला आला तरी साखळीआडून बघायचे.

पुढे त्यांनी कॉलनीतल्या पोरांचं जागरूक पथक काढलं. लाठ्या आल्या, गळ्यात शिट्ट्या आल्या. पोरं त्यांना 'सर' म्हणू लागली. जन्मात त्यांना कुणी सर म्हटलं नव्हतं, त्यामुळे स्वारी भलतीच फुलली.

गेल्या उन्हाळ्यात त्यांनी पुकारलं, "इकडे लक्ष द्या. मुलं पळवणारी टोळी शहरात शिरली आहे. गाद्या पिंजायच्या निमित्तानं फिरतात."

आता आमच्याकडे गादी पिंजणारा येतो तो एकच. खांद्यावर कापूस पिंजायची धनुकली घेतलेला सलीमभाई, कित्येक वर्षांचा. पण वसंतरावांच्या डोक्यातच आलं नाही. सलीम म्हणजे आपला सलीम, टोळी म्हणजे कुणीतरी दुसरी.

दुसऱ्याच दिवशी भर दुपारी शिट्ट्या वाजल्या. गॅलरीतून बघते तर गेटपाशी पोरांनी सलीमभाईला घेरलेलं. एकानं कॉलर धरली होती. "मी इथलाच हाय, ताईंना विचारा," म्हणत त्यानं वर माझ्याकडे पाहिलं. मी एक पाऊल मागे सरले.

वसंतराव दार उघडं टाकून धावले. घाबरले की ते गावाकडचं, निफाडचं बोलतात. "सोडा रे, आपला सलीम हाय हा."

एका पोरानं मोबाईल त्यांच्या नाकासमोर धरला. "सर, हे तुम्हीच टाकलंय ना?"

"टाकलं. खोटं हाय ते."

"म्हणजे तुम्हालाही फोडलं त्यांनी."

सर म्हणणाऱ्या तोंडातून हे आलं. लाठी वर गेली. वसंतरावांनी सलीमभाईचं मनगट घट्ट धरलं आणि मला हाक मारली, "वहिनी, मी बोलावलंय याला. आतल्या खोलीतली गादी आणा खाली."

मी त्यांच्या घरात गेले आणि थबकले. पलंगावर त्यांच्या बायकोची, मालतीवहिनींची गादी होती. त्या जाऊन पाच वर्षं झाली, पण गादीवर त्यांच्या अंगाचा खळगा तसाच होता. शेजारी जमिनीवर वसंतरावांची चटई. मी गॅलरीतून विचारलं, "हीच?"

"तीच. दुसरी कुठंय माझ्याकडं?"

ओढत खाली नेली. सलीमभाईनं टाके उसवले. तार वाजू लागली, कापूस उडू लागला. वसंतराव त्याला खेटून जमिनीवर बसले, उठायचं नावच घेईनात. पोरं बराच वेळ लाठ्या धरून उभी होती. एक जण शूटिंग करत होता. सलीमभाईची नजर कापसावरून हलली नाही. पोरं एकेक करून पांगली, पण तार थांबवायची त्याची हिंमत होईना.

संध्याकाळी गादी शिवून झाली. वसंतरावांनी तिच्यावरून हात फिरवला, मधोमध आणला, पुन्हा फिरवला.

"वहिनी, कुठं होता हो तो खळगा?"