अर्ध्या दिवसाच्या रजेची मोहीम

पुढे खात्यात येणाऱ्या उमेदवारांस मागील अनुभव ठाऊक असावा, म्हणोन ग्रंथालयाच्या बांधणी खात्यातील वर्तमान जैसे घडले तैसे लिहिले. पदरचे काही घातले असेल, तर ते शोभेपुरते.

सोमवारी सकाळी, फाटके ग्रंथ शिवण्याचे कामी नामांकित ऐशा दोरेबाई, डोईस साबण लावून उभ्या असता नळाचे पाणी दगा देऊन पसार जाहले. मग बाईंनी पिण्याच्या पाण्यावर हल्ला करून साबण कसाबसा उतरविला, आणि संतापाची सारी फौज घेऊन पाऊण तास उशिरा कचेरीत दाखल जाहल्या. खात्याचा दस्तूर ऐसा की, ज्याचे चित्त ठिकाणावर नसेल त्याने आपला चहाचा कप मेजावर पालथा घालावा, आणि दुपारपर्यंत कोणी त्याचे वाटेस जाऊ नये. बाईंनी कप पालथा घातला.

पर्यवेक्षक साहेब तीन आठवड्यांखाली गोदामातून बढती पावून आलेले, त्यांस हा दस्तूर ठाऊक नव्हता. गृहस्थ मोठे टापटिपीचे. जाता जाता त्यांनी कप सुलटा केला, आणि वर उशीर झाला काय म्हणोन सहज पुसिले. बाईंनी “झाला” एवढाच तोफगोळा टाकून तोंड फिरविले, तो साहेबांच्या वर्मी लागला. मग साहेबांनी बोलणे बंद केले आणि कामाची फर्माने पिवळ्या चिठ्ठ्यांवरून सुटू लागली. मंगळवारी सात, बुधवारी अकरा. बाईंचा मूळ राग केव्हाच विझला होता, परंतु चिठ्ठी पाहून नवा पेटे, आणि तो चेहरा पाहून साहेब नवी चिठ्ठी लिहीत.

खरा पेच पुढेच होता. शुक्रवारी दुपारी तीन वाजता बाईंची लेक, उमर वर्षे सात, शाळेच्या नाटकात झाड होणार होती. रजेचा अर्ज सोमवारपासून पर्समध्ये पडून, आणि सही साहेबांची हवी. आई दिसली नाही तर झाड भर रंगमंचावर रडेल, हे बाई जाणून होत्या. जीव कासावीस जाहला, परी नाक खाली येईना.

गुरुवारी न्याहारीचे वेळी लेक तालीम म्हणोन एका पायावर उभी राहिली, आणि हात पसरता पसरता धपकन पडली. वारा आला होता, ऐसा खुलासा तिने केला. बाई हसत घराबाहेर पडल्या, ते हसू रस्ताभर पुरले, जिना चढूनही उरले, आणि त्याचे बळावर त्या थेट साहेबांसमोर उभ्या ठाकल्या. साहेबांनी बचावार्थ चिठ्ठ्यांचा गठ्ठा पुढे ओढिला.

“साहेब, सोमवारी माझ्या डोक्याला साबण होता आणि नळाला पाणी नव्हतं. राग नळावरचा होता, निघाला तुमच्यावर.”

मग बाईंनी कपाचा दस्तूर सांगितला, अर्ज पुढे केला आणि झाडाचे वर्तमान कथिले. साहेब मान वर न करता सही करते जाहले.

“मला वाटलं, इथे मी कुणालाच नकोय,” ते म्हणाले. “नाटकाला बाहेरच्या माणसाला येऊ देतात का हो?”

शुक्रवारी तिसरे प्रहरी उभय पक्ष शाळेत एकाच बाकावर बैसले, आणि झाड अडीच मिनिटे न पडता उभे राहिले. साहेबांनी टाळ्या भलत्याच जागी वाजविल्या, आणि बाईंनी त्यांस साथ दिली. येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. खात्याचे दप्तरी त्या तारखेस अर्ध्या दिवसाच्या दोन रजा रुजू आहेत. बाईंच्या अर्जात कारण ‘घरगुती’ लिहिले आहे, साहेबांच्या अर्जात ‘झाड पाहणे’, आणि वरिष्ठांनी दोन्ही मंजूर केले आहेत.