उजव्या सडातले रहिवासी

सोनटक्की गाईच्या मागच्या उजव्या सडातल्या जंतूंनी रहिवासी दाखल्यासाठी हिंगणवळच्या ग्रामपंचायतीत अर्ज केला, त्याच दिवशी नूतननंही केला. तिच्या लग्नाला सत्तावीस दिवस झाले होते. अंगणवाडी सेविकेची जागा निघाली होती, आणि शुक्रवारपर्यंत दाखला जोडला नाही तर ती हातची जाणार होती.

जंतू वाटीभर दुधातून आले. दूध गुठळ्यांचं, पिवळसर. वाटी नूतनच्या सासऱ्यांनीच आणली, कारण हरकत मागवणारी नोटीस गाईच्या मालकाच्या नावे होती. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी ती खुर्चीवर ठेवायला लावली. आधी आलेल्या अर्जदाराला खुर्ची द्यायची असं परिपत्रक होतं. नूतन बाकावर बसली.

“हरकत कुणाची?”

“माझी,” मामंजी म्हणाले. “गाय माझी, कास माझी. दगडीचा रोग घेऊन या म्हणून ह्यांना मी अक्षता दिल्या नव्हत्या. दोन वर्षं झाली, औषधाला दाद देत नाहीत.”

“कार्यालयात दाद देत नसतात, मागतात,” वाटी म्हणाली. आवाज शांत होता, जरासा चिकट. “ती मागायलाच आलोय.”

भाऊसाहेबांना हे पटलं. त्यांनी वास्तव्याचा पुरावा विचारला.

जंतूंनी मामंजींच्या कोनाड्यातल्या औषधाच्या बाटल्या मागवल्या. शिपाई पाटी भरून घेऊन आला. एकूण एक बाटली अर्धी होती.

“डॉक्टर पाच दिवस सांगायचे. हे दुसऱ्या दिवशी दूध वाढलं की थांबायचे,” वाटी म्हणाली. “आमच्यातले लेचेपेचे तेवढ्यात जायचे. उरायचे ते टणक. दर वेळी बाहेर काढायला घेतलं आणि दर वेळी अर्ध्यात सोडलं. भाऊसाहेब, ह्याला राहा म्हणणं नाही तर काय म्हणायचं?”

“उरलं तर पुढच्या खेपेला होतं,” मामंजी म्हणाले. “चांगली वस्तू काय उकिरड्यावर फेकू?”

“आणि बाकीच्या गाईंना खुराकातून चिमूटभर औषध?”

“ती खबरदारी.”

“तिथं आमची भावकी आहे. चिमटीनं कुणी मरत नाही. सवय लागते.”

या घरात काहीच संपवत नाहीत, हे नूतनला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. साबणाची चिपटी नव्या वडीला चिकटवत. काढ्याचा तळ दुसऱ्या काढ्यात ओतत. नव्या सुनेला गप्प राहणं शोभतं, असं सासूबाई म्हणायच्या. त्यांचं हे एक म्हणणं तिला सोयीचं वाटे.

भाऊसाहेबांनी जंतूंच्या दाखल्यावर शिक्का मारला आणि नूतनकडे वळले.

“तुमचं वास्तव्य?”

“सत्तावीस दिवस.”

“आणि रेशनकार्डावर नाव नाही. दोन साक्षीदार लागतील, वहिनी. शेजारचे. घरचे चालत नाहीत.”

घर मळ्यात होतं. शेजारी म्हणजे कालव्यापलीकडचे घाडगे, आणि त्यांच्याशी बारा वर्षं बोलणं नव्हतं.

“आम्ही शेजारी,” वाटी म्हणाली. “गोठ्याचा मिळकत नंबर वेगळा आहे.”

भाऊसाहेबांनी नोंदवही काढून बघितली. वेगळाच होता.

मामंजी उठून उभे राहिले. “सूनबाई, ह्यांची साक्ष घ्यायची नाही. एकदा शेजारी म्हटलं की डॉक्टर कुठल्या तोंडानं बोलवायचा? साक्षीला बोलवायचं आणि वर सुई टोचायची? गाय जाईल हातची!”

“मग घाडग्यांना विचारता का, मामंजी?”

“त्याच्या दारात? मी?”

“शुक्रवारपर्यंत.”

मामंजी खिडकीबाहेर बघू लागले. बाहेर झेंड्याचा खांब होता, तो त्यांनी बराच वेळ बघितला.

“लिहून घ्या, भाऊसाहेब,” नूतन म्हणाली.

वाटीनं साक्ष दिली. “ही बाई रोज पहाटे पाचला येते. हात गार असतो, पण धुतलेला असतो. सुरुवातीला धार काढताना रडायची. गाईला कळायचं, आम्हालाही कळायचं. पंधरा दिवस झाले, रडत नाही. ती इथलीच आहे.”

भाऊसाहेबांनी शब्दन् शब्द उतरवला. नूतननं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं.

“दुसरा साक्षीदार?”

“अर्ज दिला तेव्हा बोलायला मी एकटाच होतो,” वाटी म्हणाली. “आता माझे दोन झालेत.”

दोघांच्या नावापुढे दोन फुल्या पडल्या.

नूतन सोमवारी अंगणवाडीत रुजू झाली. गावची मुलं एकोणीस होती. सहा वर्षांखालच्या प्रत्येक रहिवाशाची नोंद करणं सेविकेला बंधनकारक होतं, आणि सडातले झाडून सगळे सहा वर्षांखालचे होते. तिनं वाटी सावलीला ठेवली, पेन्सिलीला टोक केलं आणि लिहायला बसली. दुपारी हजेरीपट अपुरा पडला, तेव्हा तिनं वरच्या कार्यालयाला आणखी दहा हजेरीपट पाठवण्याची विनंती केली. तोवर पलीकडच्या गाईकडून दुसरी वाटी आली होती. नूतननं मुलांना जरा सरकून बसायला सांगितलं.